चिठ्ठीत न लिहिलेले नाव



नोव्हेंबर महिना आपल्या मृतांचा. दोन तारखेच्या आधी दफनभूमीतले गवत काढायचे, थडग्यांना चुना मारायचा, संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या. आपल्या गुंजीकडे पाऊस लवकर पाय काढत नाही, त्यामुळे गवत गुडघ्यापर्यंत आलेले असते आणि काडेपेटी सादळलेली. महिनाभराच्या मिस्सांसाठी प्रत्येक घर आपल्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकते. त्या चिठ्ठ्या सोडवून, नावे एका वहीत नीट उतरवून फादरांकडे देण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडे आहे.

गेल्या नोव्हेंबरात एक मावशी सगळे गेल्यावर मागे थांबल्या. हातात चिठ्ठी होती, पेटीत टाकली नव्हती. म्हणाल्या, “मास्तर, एक विचारू काय? माझ्या धाकट्याचं नाव घातलं तर चालतंय काय ओ?”

आम्ही म्हटले, “का नाही चालणार मावशी?”

त्या इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “त्यानं आपणहून जीव दिला नव्हं...”

वहीची मागची पाने आम्ही रात्री घरी जाऊन चाळली. नऊ वर्षे त्या बाईंच्या चिठ्ठीत नवरा होता, सासू होती, सासरे होते, माहेरचा एक भाऊ होता. मुलगा नव्हता. चर्चने त्यांना कधी मनाई केली नव्हती. पण मुलाच्या मातीच्या दिवशी अंगणात कोणीतरी बोलून गेले होते की अशा माणसासाठी मिस्सा चालत नाही, त्याने देवाने दिलेले देवाच्या तोंडावर फेकले. बोलणारी व्यक्ती आता हयात नाही. पण आम्ही त्या अंगणात होतो. आम्हाला खरे काय ते ठाऊक होते आणि आम्ही गप्प राहिलो. मातीच्या दिवशी वाद कशाला, असे मनात आले होते. एका वाक्याला वेळीच उत्तर मिळाले नाही आणि एका आईने नऊ वर्षे आपल्या पोराचे नाव गिळले.

म्हणून आधी तेवढे स्पष्ट लिहून टाकतो. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, त्याने मरण्याआधी पश्चात्तापाची काही खूण दिली नसेल तर, ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याचा नियम होता. १९८३ मध्ये नवी धर्मसंहिता आली, तिच्यातून हा नियम गेला. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात तर सांगितले आहे की मनाचा गंभीर आजार, जिवाची तगमग, छळाची किंवा दुःखाची मोठी धास्ती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते. त्याच्या तारणाची आशा आपण सोडू नये, ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला. नियम बदलल्याची बातमी रोमहून आपल्या अंगणापर्यंत यायला इतकी वर्षे लागावीत, याचा दोष पोस्टाला देता येणार नाही. ती पोहोचवण्याचे काम आम्हा धर्मशिक्षकांचे होते.

पण हा लेख नियमाबद्दल नाही. त्या मुलाच्या शेवटच्या वर्षाबद्दल आहे. तो चर्चला यायचा, मागच्या बाकावर बसायचा. झोप येत नाही, छातीत धडधडते, कशात मन लागत नाही, हे त्याने दोघातिघांना सांगितले होते. त्याला काय उत्तरे मिळाली ती आता गोळा केली तर यादी होते. विश्वास कमी पडतो. जपमाळ रोज म्हणतोस काय? देव आवडत्या माणसाचीच कसोटी पाहतो. पापनिवेदन कधी केलेस? घरात काही वाईट वस्तू आहे काय, सैतान अशीच वाट शोधतो. यांतली दोन वाक्ये आमची आहेत. कुठली दोन, ते आम्हाला माहीत आहे.

ही वाक्ये प्रेमापोटीच बोलली जातात. आजारी माणसावर त्यांचा परिणाम काय होतो, यावर अभ्यास झालेला आहे. केनेथ पार्गमेंट हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. माणूस संकटात धर्माचा आधार कसा घेतो, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांना असे दिसले की हा आधार दोन तऱ्हांचा असतो. एकात माणूस म्हणतो, देव माझ्याबरोबर हे ओझे वाहतो आहे, मंडळी माझ्या पाठीशी आहेत. दुसऱ्यात म्हणतो, देवाने मला शिक्षा केली, देवाने मला टाकले, हे सैतानाचे काम आहे. दोघेही देवाचेच नाव घेतात, दोघेही चर्चला जातात. पण पहिल्या तऱ्हेने मनाला उभारी येते आणि दुसरीने माणूस आणखी खचतो. पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५५ वर्षांवरील सुमारे ६०० रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला आणि निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. देवाने आपल्याला टाकले, देवाचे आपल्यावर प्रेम नाही, हे दुखणे सैतानाने आणले, असे मानणाऱ्यांमध्ये त्या दोन वर्षांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघाले. आजार किती गंभीर आहे याचा हिशोब वेगळा धरूनही फरक राहिला. असा विचारच मृत्यूचे कारण ठरला, असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही. पण आम्ही ज्या वाक्यांना सांत्वन समजत होतो, ती त्यांच्या यादीत धोक्याच्या बाजूला होती. ते वाचल्यापासून कोणाच्या घरी भेटीला जाताना आमचे पाय जड होतात. व्हायलाच हवेत.

आपल्या पवित्र शास्त्राला हे काही नवे नाही. ईयोबाचे तीन मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोलले नाही. आमच्या मते त्यांनी केलेले तेवढेच चांगले काम. आठव्या दिवसापासून बोलायला लागले आणि सगळे बिघडवले. तुझे काहीतरी पाप असणारच, हा त्यांचा सूर. शेवटी देव रागावला तो ईयोबावर नाही, या मित्रांवर. जन्मांध माणसाला पाहून पाप याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने तो प्रश्नच खोडून काढला. आणि ८८ वे स्तोत्र काढून पाहा. ते अंधारातच संपते, शेवटी समाधानाची ओळ नाही. ख्रिस्तसभेने ते शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे. ज्याने ते रचले त्याला उद्या आपल्या प्रार्थनासभेत बसवले, तर आपण त्यालाही विश्वास वाढवायला सांगू.

विश्वास कमी म्हणून मन आजारी पडते, हे म्हणणे टिकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ आमच्या पिढीला आठवतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्या काही लोकांची तपासणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत मनाचा आजार आढळला; कोणाला तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होता, कोणाला खोल नैराश्य आले होते. ती सगळी माणसे अश्रद्ध होती काय? आदल्या रात्रीपर्यंत तर आरत्या चालल्या होत्या.

मग करायचे काय, हा खरा प्रश्न. इथे आम्हाला घाटापलीकडे बघावेसे वाटते. आपल्यातल्या किती घरांतली पोरे लोंढ्याहून गाडीत बसून गोव्याला कामाला जातात. त्याच गोव्यात संगाथ नावाची संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक साधा प्रश्न धरला: मनोविकारतज्ज्ञ सगळीकडे पुरणार नाहीत, तर हे काम साध्या माणसाला शिकवता येईल काय? गोव्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी त्यांनी ते करून पाहिले. समुपदेशक म्हणून स्थानिक पदवीधर घेतले, बहुतेक स्त्रिया, आरोग्यशास्त्राचा गंध नसलेल्या. दोन महिने प्रशिक्षण दिले, वर डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ यांची देखरेख ठेवली. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत नैराश्य किंवा चिंतेचा आजार नक्की झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी १०० मध्ये ६६ जण बरे झाले होते. जिथे नेहमीचेच उपचार चालू होते तिथे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

पुढे २०१७ मध्ये त्यांनी दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला, तो आम्हाला जास्त जवळचा वाटतो. यात नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेले ४९५ रुग्ण होते, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले. समुपदेशकांना मानसशास्त्राचे आधीचे कसलेच शिक्षण नव्हते. तीन आठवडे वर्गात शिकवले, मग काही महिने उमेदवारी. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्यापाऊण तासाची, केंद्रात किंवा घरी. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

त्या भेटीत होते तरी काय? आम्हाला वाटले होते खोल काहीतरी असेल, बालपण वगैरे. तसे नाही. समुपदेशक विचारतो, पूर्वी काय करत होता जे आता सुटले आहे? कोणी परसातले झाड पाणी घालायचे सोडून दिलेले असते, कोणी भजनाला जायचे, कोणी बहिणीला फोन करायचे. मन खचले म्हणून हे सुटते, आणि हे सुटले म्हणून मन आणखी खचते. मग दोघे मिळून त्यातले एकच, अगदी लहान, निवडतात. आठवडाभर ते करून पाहायचे आणि पुढच्या भेटीत कसे गेले ते सांगायचे. घरच्या एका माणसाला सोबत घेतात. अडचण पैशाची असेल, दारूची असेल, तर तिच्यावर काय करता येईल ते पाहतात. आणि समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होतात. नंतर ते एकत्र बसून एकमेकांचे ऐकतात आणि कुठे चुकले ते सांगतात. हा शेवटचा भाग आम्हाला फार आवडला. आम्ही इतकी वर्षे घरोघरी सांत्वनाला जातो, पण बाहेर पडल्यावर “मास्तर, तिथे तुम्ही ते बोलायला नको होते” असे आम्हाला कोणी म्हटले नाही, आणि आम्हीही कोणाला म्हटले नाही.

हे सगळे वाचताना आम्हाला एलीया आठवत राहिला. एवढा मोठा संदेष्टा, कार्मेल डोंगरावर जिंकून आलेला, आणि दुसऱ्याच प्रसंगात रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो, ऊठ आणि खा म्हणतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला देतो. काय रे, तुझा विश्वास कुठे गेला, हा प्रश्न त्या प्रकरणात देवदूताच्या तोंडी नाही.

आता काही मंडळी म्हणतील, मास्तर, तुम्ही चर्चचा दवाखाना करायला निघालात. ही शंका रास्त आहे. दुःख झालेला प्रत्येक माणूस रुग्ण नसतो. जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून हे दिसले आहे की जवळचे माणूस गेल्यावर किंवा मोठा आघात झाल्यावर बहुतेक लोक काही काळाने आपल्या पायावर उभे राहतात, कोणत्याही उपचाराशिवाय. घर, शेजार, काम, प्रार्थना एवढे त्यांना पुरते. म्हणून नवरा गेलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे पाठवा, असे आम्ही म्हणत नाही. उलट, घाईचा तोटाच होतो. आघातानंतर लगेच माणसाला एकदा बसवून घडलेले सगळे बोलायला लावले की पुढचा त्रास टळतो, अशी एके काळी समजूत होती. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर तसे होत नाही असे दिसले. काहींचा त्रास वाढल्याचेही आढळले. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे, ज्याला नाही त्याला खोदू नये.

यावरून आमच्या मनात बरेच दिवस असलेली एक गोष्ट बोलतो, काहींना राग येईल. आपल्या मेळाव्यांत आणि रिट्रीटमध्ये साक्ष द्यायला माणसांना व्यासपीठावर बोलावतात. ज्याच्या मनात आनंद आहे त्याने जरूर बोलावे. पण घरात झालेली मारहाण, मुलाचा मृत्यू, लहानपणी झालेला अत्याचार हे माईकवर, पाचशे लोकांसमोर, अर्ध्या तयारीने बोलायला लावणे आणि मग “हालेलुया” म्हणून पुढच्या माणसाला बोलावणे, हे आम्हाला आता बघवत नाही. ती बाई रात्री घरी जाऊन त्या उघड्या जखमेचे काय करते, हे विचारायला आपल्यातला कोण जातो? आणि दुसरे, त्याहून वाईट. प्रार्थनेने बरे झालो म्हणून गोळ्या बंद केलेली माणसे आपल्या ओळखीत आहेत. गोळ्या अचानक सोडल्याने आजार उलटतो. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केले, असे शिकवले आहे. तो अध्याय मेळाव्यात वाचलेला आम्ही अजून ऐकला नाही.

आपल्या भागातल्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या गोव्याच्या अभ्यासात सापडणार नाहीत. धारवाडला जुने मनोरुग्णालय आहे, आता ती सरकारी संस्था झाली आहे. लोंढ्याहून अळणावरमार्गे गाडी जाते, पण दिवस मोडतो, मजुरी बुडते. तिथे कागद कन्नडमध्ये. आमच्या वयाच्या माणसाला भाजी घ्यायला पुरेल एवढे कन्नड येते; रात्री छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते हे सांगायला आईची भाषा लागते. शिवाय “धारवाडला नेले” या दोन शब्दांचा आपल्याकडे काय अर्थ होतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पोरीचे लग्न मोडते त्याने. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची, असे ठरवले. कायदा पुढे गेला. आपली अंगणे अजून तिथेच आहेत.

तेव्हा आमचे धर्मग्राम परिषदेला सांगणे असे की या वर्षी नवे स्पीकर घेण्याचा ठराव थोडा पुढे ढकलावा. जुने चालतात, खरे तर आहेत त्यांचाच आवाज जास्त आहे. त्या पैशातून दोन माणसांना, शक्य तर एक बाई आणि एक तरुण, ऐकण्याचे शिक्षण घ्यायला पाठवावे. ते डॉक्टर होऊन येणार नाहीत. पण कोणाला गोडीने ऐकून घेणे पुरे आहे आणि कोणाला ताबडतोब डॉक्टरकडे न्यायला हवे, एवढे त्यांना कळेल. आणि नेताना सोबत गाडीत बसतील, कन्नड कागद भरून देतील. महिन्यातून एकदा कोणाचे नाव न घेता फादर किंवा सिस्टरांबरोबर बसून आपण काय बोललो ते तपासतील. पापनिवेदनाची जागा हे घेणार नाही, आणि पापनिवेदनाने याची जागा घेऊ नये.

तोवर एक नंबर प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १४४१६. टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येते. आपल्याला किंवा घरातल्या कोणाला जगणे नको वाटत असेल तर रात्री दोन वाजतासुद्धा लावा, आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

मावशींची चिठ्ठी आम्ही त्या संध्याकाळी तिथेच बाकावर बसून दुरुस्त केली. त्यांना लिहिता येते, पण म्हणाल्या, “तुम्हीच घाला, माझा हात चालंना.” नवऱ्याच्या नावाखाली मुलाचे नाव लिहिले. पुढच्या रविवारी फादरांनी वेदीवरून सगळी नावे वाचली, नेहमीच्या संथ आवाजात, त्याचे नाव सतराव्या क्रमांकाला आले. मावशी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर होत्या. मिस्सा संपल्यावर दारात थांबून त्यांनी आम्हाला विचारले, “पुढच्या वर्षी परत लिहायचं नव्हं, की एकदाच?”

दर वर्षी, आम्ही म्हटले.